ओएस पटकन बसलं, ॲप्सची सुनावणी लांबली: एका वकिलीणबाईंच्या फोनचं प्रकरण

प्रकरण ठाण्यातलं आहे आणि माणसं जवळची आहेत म्हणून नावं टाकत नाही. मित्राची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ठाणे कोर्टात प्रॅक्टिस करतात, बहुतेक मॅटर फॅमिलीचे, घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा असले. नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये छोटं ऑफिस, एक ज्युनिअर आणि एक क्लार्क काका जे वहिनींच्या सिनिअरच्या काळापासून आहेत.

झालं असं की त्यांच्या एका अशिलाने ऐरोलीत भाड्याची जागा बघायला घरमालकाला फोन लावला, तर समोरच्याच्या स्क्रीनवर तिचं नाव आलं आणि नावाला शेपूट, "डिव्होर्स ठाणे". मालकाने तिलाच विचारलं, "काय हो, हे काय दिसतंय?" जागा मिळाली नाही, आता कारण तेच होतं का ते कोण सांगणार, पण ती बाई थेट ऑफिसात येऊन रडली. "मॅडम, मी तर फक्त तुमच्याकडेच आले होते ना," असं म्हणाली म्हणे.

ही कॉलर आयडीवाली, म्हणजे फोन कुणाचा आलाय ते दाखवणारी ॲप्स चालतात कशी ते थोडक्यात सांगतो. कुणीतरी तुमचा नंबर आपल्या फोनात काहीतरी नावाने सेव्ह करतं, त्या फोनवर असल्या एखाद्या ॲपला कॉन्टॅक्टची परमिशन दिलेली असते, ते नाव सर्व्हरवर जातं आणि मग दुनियेतल्या तिसऱ्याच माणसाला दिसतं. ज्याचा नंबर आहे त्याने ते ॲप कधी बघितलेलंही नसतं. म्हणजे लीक तुमच्या फोनातून होतच नाही, तुम्हाला ओळखणाऱ्याच्या फोनातून होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वहिनींनी स्वतःचा फोन तपासला. असलं ॲप नव्हतं, पण कॉन्टॅक्टची परमिशन दिलेली ॲप्स बघितली तर किराणावाला, कॅबवाला, विम्याचे भाव दाखवणारा, फोटोचं कोलाज करणारा, अशी वरातच होती. आणि अशील सगळे "नाव + डिव्होर्स", "नाव + ४९८" (सासरच्या छळाचं कलम) असेच सेव्ह. मग मला फोन. "भावजी, मला असा फोन करून द्या की कुठलं ॲप काय बघतंय ते माझ्या हातात राहील, पण माझं कुठलंही काम अडता कामा नये." पहिलं जमणारं आहे, दुसऱ्यात खरी मेख आहे.

मित्राचं म्हणणं सरळ आयफोन घे आणि विषय संपव. वाईट सल्ला नाही तो, पण तिथेही ॲपने कॉन्टॅक्ट मागितले आणि आपण सगळे देऊन टाकले की झालंच, आणि वहिनींना अँड्रॉइडचीच सवय. दुसरा पर्याय जुन्या फोनवरच मूळची ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) काढून लिनिएजओएस टाकायचा. सायनोजेनमॉड नावाचं असंच अँड्रॉइडवरून बनलेलं ओएस २०१६ च्या शेवटी बंद पडलं त्यातून निघालेला हा प्रोजेक्ट, भरपूर फोनांवर चालतो, जुन्या फोनाला जीवदान द्यायला त्याच्यासारखं काही नाही. पण बहुतेक फोनांवर त्यात बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठली सिस्टीम चढवायची ते ठरवणारा भाग, उघडाच ठेवावा लागतो. वकिलाचा फोन, कधी कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही, त्याचं दार कायमचं उघडं ठेवणं मला पटेना. मायक्रोजी (गूगलच्या सर्व्हिसेसच्या जागी चालणारा मोकळा पर्याय) घालून येणारं ई-ओएस आहे तेही बघितलं, पण सिक्युरिटी अपडेट वेळेवर येणं आणि बूटलोडर परत लॉक होणं या दोन गोष्टींवर शेवटी ग्राफीनओएसवर येऊन थांबलो. त्याची गंमत अशी की गूगलपासून लांब जायचं तर फोन गूगलचाच घ्यावा लागतो, कारण ते पिक्सेलसाठीच बनतं. लोक यावर हसतात, हसू दे.

सेकंडहँड घ्यायचा म्हणून स्टेशन रोडला गेलो. दुकानदाराने आधी पिक्सेल ६ए काढला, स्वस्तात. तो स्वस्त का ते मला माहीत होतं, जुलै २०२५ मध्ये गूगलने त्याच्या बॅटरीसाठी सक्तीचं अपडेट काढलं, ४०० चार्ज सायकल झाल्या की बॅटरी मुद्दाम कमी भरते, गरम होण्याचा धोका होता म्हणून. ७ए च्या बॅटऱ्या फुगायच्या तक्रारी आल्या तेव्हा त्याचाही रिपेअर प्रोग्रॅम गूगलने काढला होता. ८ए घेतला. मे २०२४ चा फोन, सात वर्षं अपडेट म्हणजे मे २०३१ पर्यंत काळजी नाही, आणि त्याच्या चिपमध्ये मेमरी टॅगिंग आहे, म्हणजे मेमरीतल्या चुकांचा फायदा घेणारे हल्ले पकडायची सोय, जी ग्राफीन वापरतं. ग्राफीनचा पूर्ण सपोर्ट फोनच्या मूळ अपडेटबरोबरच संपतो, तेव्हा स्वस्त मिळतोय म्हणून शेवटचं वर्ष राहिलेला फोन उचलू नका.

दुकानात एक टेस्ट मात्र करायचीच. फोन रिसेट करून वायफायला जोडायचा, बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे आणि "ओईएम अनलॉकिंग"चं बटण, म्हणजे बूटलोडर उघडायची मुभा, चालू होतंय का बघायचं. अमेरिकेतून आलेले काही पीस असतात, तिथल्या कंपनीने लॉक केलेले, त्यात हे बटण करडंच राहतं आणि मग त्या फोनवर काहीही चढत नाही, डोकं आपटा. दुकानदार म्हणाला, "साहेब, लोक कॅमेरा बघतात, तुम्ही हे काय बघताय?" बटण सरकलं, पैसे दिले.

इन्स्टॉलबद्दल जास्त लिहीत नाही कारण त्यात काही नाहीच. ग्राफीनच्या साइटवर वेब इन्स्टॉलर आहे, क्रोम किंवा तसला ब्राउझर लागतो (फायरफॉक्समधून यूएसबीला हात घालता येत नाही), चांगली केबल लागते, विंडोज असेल तर कधीकधी ऑप्शनल अपडेटमधून फास्टबूटचा ड्रायव्हर घ्यावा लागतो. बूटलोडर अनलॉक, फ्लॅश (म्हणजे नवीन ओएस चढवणं), परत लॉक. अनलॉक आणि लॉक दोन्ही वेळा फोन पूर्ण पुसला जातो म्हणून मध्ये काही भरत बसू नका. आणि ते परत लॉक करणं विसरलात तर सगळा खटाटोप फुकट. चहा संपेपर्यंत झालं म्हणा ना. त्यानंतर दर वेळी फोन सुरू होताना एक पिवळी सूचना येते की दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम लोड होतेय. सासूबाईंनी ती बघितली आणि "अगं, नवीन फोन आणला तो बिघडलेलाच दिला काय त्याने?" असं दोनदा विचारलं.

आता मुख्य भाग. नवीन फोनात काय असतं, तर फोन, मेसेज, कॅमेरा, व्हॅनेडियम नावाचा ब्राउझर, पीडीएफ बघायचं, आणि एक छोटंसं ॲप स्टोअर. प्ले स्टोअर नाही. मी वहिनींना जुन्या फोनातल्या ॲप्सची यादी कोर्टाच्या लेजर पेपरवर हाताने लिहायला लावली. लिहितालिहिताच अर्धी कटाप झाली, "हे मी कधी टाकलं?" अशी. जी राहिली त्यातलं एकेक ॲप घेऊन आम्ही एकच प्रश्न विचारत गेलो, हे काम ब्राउझरमध्ये होतंय का? किराणा होतो, विमा होतो, ई-कोर्ट्सवर केसचा सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकून पुढची तारीख बघणं होतं. ती ॲप्स टाकलीच नाहीत. ज्याचं ॲपच नाही त्याला परमिशन काय द्यायची.

काही एफ-ड्रॉइड या मोफत, ओपन सोर्स ॲप्सच्या स्टोअरवरून आली, नोट्स, ऑफलाइन नकाशा वगैरे. मराठी टायपिंगचं दुखणं वेगळं होतं. फोनबरोबर येणाऱ्या कीबोर्डवर देवनागरी मिळते पण वहिनींना इंग्रजी अक्षरांत टाइप करून मराठी हवं, आणि बोलूनही. शेवटी गूगलचा जीबोर्डच टाकला, मराठीचं पॅक उतरवून घेतलं आणि मग त्याचं नेटवर्क बंद करून टाकलं. ग्राफीनमध्ये प्रत्येक ॲपला नेटवर्कची वेगळी परमिशन आहे, हे एक बटण सगळ्याच अँड्रॉइडवर असतं तर निम्मी भानगड संपली असती. बोलून लिहिणं अधूनमधून रुसतं. त्या म्हणाल्या चालेल, अशिलाचा ड्राफ्ट मी कीबोर्डवाल्याला ऐकवायचा कशाला.

पहिली मांडणी मित्राच्या हट्टाची होती. एकाच फोनात दोन प्रोफाइल, म्हणजे दोन वेगळे कप्पे, मुख्य प्रोफाइलमध्ये गूगलचं नावही नको, दुसऱ्या प्रोफाइलमध्ये सँडबॉक्स्ड गूगल प्ले आणि त्यातच यूपीआय, तिकीट, बँक. कागदावर सुंदर. प्रत्यक्षात वहिनी तीन हात नाक्यावर रिक्षातून उतरल्या, क्यूआर समोर, प्रोफाइल बदला, पिन टाका, ते उघडेपर्यंत मागचे हॉर्न मारतायत आणि रिक्षावाला म्हणतो, "ताई, कॅश नाय का?" आठवडाभरात त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला, "हे असं असेल तर मी जुना वापरते."

मग सगळं उलटं केलं. सँडबॉक्स्ड प्ले म्हणजे काय ते नीट समजलं तर उलटं करण्यात काही पाप नाही. नेहमीच्या फोनात गूगल प्ले सर्व्हिसेस घराची मालकीण असते, तिला विचारावं लागत नाही. ग्राफीनवर ती साधी भाडेकरू आहे, बाकी ॲप्ससारखीच, परमिशन मागेल, दिली तर मिळेल, नाहीतर बसेल गप. तर प्ले मुख्य प्रोफाइलमध्ये आलं, नवीन खातं काढून, कॉन्टॅक्ट नाही, लोकेशन नाही. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये ज्यांच्यावर भरवसा नाही अशी ॲप्स, शॉपिंग, कॅब आणि बँकेचं स्वतःचं ॲप. कट्टर लोकांना हे चालणार नाही, पण जो फोन बाई रोज वापरतात तोच खरा प्रायव्हसीचा फोन, ड्रॉवरमध्ये पडलेला नाही.

व्हॉट्सॲप सोडणं शक्यच नव्हतं, अर्धं कोर्ट त्यावर चालतं. इथे ज्यासाठी सगळा घाट घातला ती गोष्ट कामाला आली, कॉन्टॅक्ट स्कोप्स. ॲपला वाटतं आपल्याला कॉन्टॅक्टची परमिशन मिळाली, पण दिसतात तेवढेच जेवढे आपण दाखवू. "व्हॉट्सॲप" नावाचं एक लेबल केलं, त्यात घरचे, ऑफिसचे, इतर वकील. अशील त्यात नाहीत. अशिलाचा मेसेज आला तर वर नुसता नंबर दिसतो, आणि त्याचा वहिनींना त्रास होतो, होतोच, खोटं कशाला बोला. यूपीआय ॲपला स्कोप दिला तो रिकामा. त्याला वाटतं बाईंना कुणी ओळखतच नाही.

आता बँक. डेव्हलपर ऑप्शन्स कुठल्याही कारणाने चालू राहिले तर बरीच बँकेची ॲप्स उघडतानाच "तुमचं डिव्हाइस सुरक्षित नाही" म्हणून हाकलतात. ते आधी बंद करा, एक बँक तेवढ्यावरच मानली. दुसरं एक ॲप उघडून लगेच बंद पडायचं, त्याला ॲपच्या सेटिंगमध्ये एक्स्प्लॉइट प्रोटेक्शनचा कंपॅटिबिलिटी मोड लावला, म्हणजे ग्राफीनची जादा संरक्षणं त्या एका ॲपपुरती सैल केली, चाललं. तिसरी बँक मात्र ऐकेना. वरती ग्राफीनची नोटिफिकेशन की या ॲपने प्ले इंटेग्रिटी वापरलं. म्हणजे ॲप गूगलला विचारतं, हा फोन तुम्ही सर्टिफाय केलेला आहे का, उत्तर येतं नाही, की दार बंद. आता विनोद बघा, चार वर्षं अपडेट न आलेला कुठलाही सर्टिफाइड फोन त्या बँकेला चालतो आणि कालच पॅच झालेला, बूटलोडर लॉक असलेला हा चालत नाही. याला सुरक्षा म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

यावर एक वाट आहे जी खूप जणांच्या लक्षात येत नाही. यूपीआयमध्ये बँक एक आणि ॲप दुसरं असू शकतं, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने रचनाच तशी केली आहे. तर त्या हट्टी बँकेचं खातं आम्ही दुसऱ्याच, चालणाऱ्या यूपीआय ॲपला जोडलं. पैसे देणं-घेणं सुरू. बाकी एफडी, स्टेटमेंट वगैरे व्हॅनेडियममधून नेट बँकिंगवर, ओटीपी एसएमएसने येतो. मित्र म्हणाला जुन्या फोनवर ठेव ना बँकेचं ॲप. ठेवता येतं, पण बरीच बँक ॲप्स रजिस्टर नंबरचं सिम त्याच फोनात शोधतात आणि सिम तर इकडे आलेलं.

दोन बारकावे. दुसऱ्या प्रोफाइलमध्ये बँकेचं ॲप टाकलं तर त्याचा व्हेरिफिकेशनचा एसएमएस जात नाही, कारण त्या प्रोफाइलला फोन आणि एसएमएस मुळात बंद असतात, मुख्य प्रोफाइलच्या सेटिंगमधून ते चालू करावं लागतं. लोक इथे सिम कंपनीला शिव्या घालत बसतात. आणि फोन बदलल्यावर यूपीआयवर बहुतेक बँका पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर जाऊ देत नाहीत. तेव्हा उद्या कोर्ट फी भरायची असेल तर आज फोन बदलू नका.

लोकलचं तिकीट हा वेगळाच अध्याय. वहिनी अधूनमधून हायकोर्टात जातात, ठाणे ते सीएसएमटी. तिकिटाचं ॲप लोकेशन मागतं, कारण प्लॅटफॉर्मवर चढून, टीसी दिसल्यावर पेपरलेस तिकीट काढता येऊ नये. नेहमीच्या फोनात आजूबाजूचे वायफाय आणि टॉवर बघून गूगल पटकन जागा सांगतं, इथे नुसतं सॅटेलाइटवर भागवायचं, आणि ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिसच्या पुलाखाली उभं राहून सॅटेलाइट कुठून दिसणार. गोल चक्र फिरतंय फिरतंय आणि तिकडे फास्ट लोकल निघून गेली. ग्राफीनमध्ये आता स्वतःची नेटवर्क लोकेशनची सोय आहे, मूळची बंद असते, लोकेशनच्या सेटिंगमध्ये चालू करायची. डेटा ॲपलच्या सर्व्हिसचा, मध्ये ग्राफीनचा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर), म्हणजे तुमचा इंटरनेटवरचा (आयपी) पत्ता ॲपलला थेट कळत नाही. ते चालू केलं आणि प्रश्न मिटला. तरी वहिनींनी पास काढला, म्हणाल्या कागदाला नेटवर्क लागत नाही.

कॅमेऱ्याची गोष्ट मला सुचलीच नसती, ती त्यांनीच पकडली. ग्राफीनचा कॅमेरा फोटोतली एक्झिफ माहिती (कधी, कुठल्या फोनने काढला वगैरे) आपोआप काढून टाकतो. प्रायव्हसीसाठी उत्तम. पण वहिनी अशिलाच्या जखमांचे, तोडलेल्या कुलपाचे फोटो काढतात ते पुराव्यासाठी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ खाली, म्हणजे आधीचं ६५ब, इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर सर्टिफिकेट लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) लिहायची, कुठल्या डिव्हाइसवर काढलं ते लिहायचं. "भावजी, समोरचा वकील विचारेल फोटोतली माहिती कुणी पुसली, तर मी काय सांगू, फोनने?" सेटिंगमध्ये ते बटण बंद केलं. अशिलाला किंवा कुणालाही पाठवायला नेहमीचा फोटो काढायचा तेव्हा चालू करतात. म्हणजे प्रायव्हसीचं प्रत्येक बटण चालू असणं हेच बरोबर, असं काही नसतं.

एपीके, म्हणजे ॲप बसवायच्या फाइलींबद्दल एक ताकीद. व्हॉट्सॲपवर "आरटीओ चलन" किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके येते, टाकली की एसएमएस वाचते आणि ओटीपी पळवते. ग्राफीन असलं तरी तुम्ही स्वतःच एसएमएसची परमिशन दिलीत तर ते काय करणार बिचारं. सगळं बसल्यावर आम्ही प्रत्येक ॲपची "अनोळखी ॲप्स इन्स्टॉल" करायची मुभा काढून टाकली, फक्त एफ-ड्रॉइडची ठेवली. (गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं होतं की पुढे सर्टिफाइड अँड्रॉइडवर ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप्स बसतील, २०२६ मध्ये चार देशांपासून सुरुवात. ग्राफीन सर्टिफाइडच नाही म्हणून त्याला हे लागू नाही, बँकेने नाकारल्याचा एवढा तरी फायदा.)

एवढं सगळं झाल्यावर ज्या अशिलासाठी सुरू झालं तिचं काय? तिच्या नावाचं शेपूट होतं तिथेच होतं. वहिनींचा फोन कितीही बंदिस्त केला तरी सर्व्हरवर गेलेलं परत कसं येणार. त्या ॲपच्या साइटवर नंबर काढून टाकायचा फॉर्म असतो, तो तिने स्वतःच्या नंबरवरून भरला. मग वहिनींनी विचारलं, मुळात गेलं कुठून? आणि सगळ्यांचं लक्ष क्लार्क काकांच्या फोनकडे गेलं.

काकांचा फोन साधा, त्यात प्रत्येक अशिलाचा नंबर, कारण तारीख कळवायचं काम त्यांचं. आणि तेच कॉलर आयडीचं ॲप, नातवाने टाकून दिलेलं, "फालतू फोन येतात म्हणून". नावं सेव्ह करायची पद्धत अख्ख्या ऑफिसची एकच होती, नाव, केसचा प्रकार, कोर्ट. गेलं ते तिथूनच, असं शंभर टक्के कुणी म्हणू शकत नाही, तिच्या नवऱ्याकडच्या कुणीही तसं सेव्ह केलेलं असू शकतं. पण "डिव्होर्स ठाणे" ही शब्दांची जोडणी ऑफिसचीच.

त्या फोनवर ग्राफीन चढणार नाही आणि काकांना नवीन फोन नको. तर आधी त्या ॲपच्या आत जाऊन खातं डिलीट केलं, मग अनइन्स्टॉल केलं, नुसतं अनइन्स्टॉल केलं तर सर्व्हरवरचं खातं तसंच राहतं. बाकी ॲप्सची कॉन्टॅक्ट परमिशन काढली. आणि ज्युनिअरने बसून सगळे अशील नुसत्या केस नंबरने सेव्ह केले, "११२/२४" असे, तिन्ही फोनांत. काका दोन दिवस कुरकुरले, "मॅडम, एकशेबारा कोण ते मला कसं कळणार?" त्यांना डायरी दिली आहे, नंबर आणि नाव तिच्यात. आता फोन वाजला की काका आधी डायरी उघडतात, मग चष्मा शोधतात, तोवर रिंग बंद होते आणि ते परत लावतात.